एक दशांश सेकंद

जिल्हा क्रीडास्पर्धा संपून आठ दिवस झाले होते. यंदा त्या शाळेच्याच विस्तीर्ण मैदानावर भरल्या होत्या. मंडप निघाला होता, पताका उतरल्या होत्या. पण चारशे मीटरच्या धावमार्गावर आखलेल्या चुन्याच्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या. सायंकाळी ऊन कलले, की कडुनिंबाच्या झाडाखाली दप्तरांचा आणि चपलांचा ढीग पडे. मग कोणी खो-खोच्या खांबाकडे धाव घेई, कोणी उड्यांसाठी वाळूच्या खड्ड्याकडे वळे, तर कोणी लोखंडी गोळा उचलून वर्तुळात उभा राही.

त्या शनिवारी सारी मुले सरावात दंग होती. एक मुलगी मात्र कडुनिंबाच्या पारावर गप्प बसून होती. मुलींच्या चारशे मीटरच्या शर्यतीत तिचा दुसरा क्रमांक आला होता. आणि विभागीय स्पर्धेसाठी केवळ पहिल्या क्रमांकाचीच निवड व्हायची होती. पराभवाचे दुःख तिने पचवले असते. परंतु शर्यत संपताच व्यायामाचे सर सर्वांदेखत म्हणाले होते, "सुटतानाच मागे राहिलीस. पिस्तूल उडाले तेव्हा तुझे लक्ष कोठे होते?" ते शब्द तिच्या मनात काट्यासारखे रुतले होते. आपले लक्ष कोठेही गेले नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते. पण ते सिद्ध कसे करायचे? दुसऱ्याच दिवशी तिने शाळेचे खिळ्यांचे बूट परत नेऊन कपाटात ठेवले होते.

दर शनिवारी सराव आटोपला, की विज्ञान शिकवणाऱ्या बाई मैदानावर येत. खेळणाऱ्या मुलांच्या शंकांना उत्तरे देण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्यांची अट एकच असे : प्रश्न खेळताना पडलेला असावा, पुस्तकातून उतरवलेला नसावा. शक्य असेल तेथे उत्तर मैदानावरच करून पाहायचे, हा त्यांचा नियम. व्यायामाचे सरही गळ्यात शिट्टी अडकवून बाजूला बसत आणि कौतुकाने ऐकत.

बाई पारावर येऊन बसल्या. मुले भोवती गोळा झाली. गोळाफेक करणाऱ्या मुलाने पहिला प्रश्न विचारला.

"बाई, माझा गोळा चार किलोचा आहे, आणि क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा. दोन्ही एकाच उंचीवरून सोडले, तर गोळा अगोदर जमिनीवर पडेल ना?"

"तुला काय वाटते?" बाईंनी उलट विचारले.

"गोळा पंचवीसपट जड आहे. तो नक्कीच अगोदर पडेल."

"मग वाट कसली पाहतोस? पाहा करून."

मैदानाच्या कडेला प्रेक्षकांसाठी उंच पायऱ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीवर मुलगा उभा राहिला. खालची जागा मोकळी आहे, याची सरांनी खात्री करून घेतली. मुलाने दोन्ही हात बाहेर धरले आणि गोळा व चेंडू एकदमच सोडले. मातीवर दोन आवाज उमटायचे, ते जणू एकच आवाज होऊन उमटले. मुलाचा विश्वास बसेना. त्याने दोनदा पुन्हा करून पाहिले. प्रत्येक वेळी तेच घडले.

बाई म्हणाल्या, "पृथ्वी गोळ्याला पंचवीसपट जोराने ओढते, हे तुझे म्हणणे खरे आहे. पण गोळा हलवायलाही पंचवीसपट जड असतो. जी वस्तू जड, ती जागची हलायला तितकीच नाखूश. या गुणाला जडत्व म्हणतात. ओढ पंचवीसपट आणि आळसही पंचवीसपट. म्हणून हिशेब सारखाच राहतो."

"मग झाडाचे पान का हळू पडते?" एका लहान मुलाने विचारले.

"पानाला हवा अडवते म्हणून. हवाच नसेल, तर पान आणि गोळाही बरोबरच पडतील. १९७१ साली अपोलो १५ या यानातून चंद्रावर गेलेले डेव्हिड स्कॉट यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. त्यांनी एका हातात हातोडा धरला आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस. दोन्ही एकदम सोडले. चंद्रावर हवा नाही; पीस आणि हातोडा एकाच क्षणी चंद्राच्या धुळीवर पडले."

चंद्राचे नाव निघताच उंच उडी मारणारा मुलगा पुढे सरसावला. "बाई, चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश असते, असे आम्ही वाचले आहे. मी येथे १२० सेंटिमीटर उडी मारतो. मग चंद्रावर सहापट, म्हणजे ७२० सेंटिमीटर मारीन का?"

"तू १२० सेंटिमीटर उडी मारतोस खरा, पण शरीर किती वर उचलतोस?"

मुलगा गोंधळला. बाईंनी त्याला सरळ उभे राहण्यास सांगितले आणि त्याच्या कमरेजवळ बोट ठेवले. "तुझ्या साऱ्या वजनाचा मध्य सुमारे येथे आहे. यास गुरुत्वमध्य म्हणतात. तू नुसता उभा असतोस, तेव्हाच हा बिंदू जमिनीपासून सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीवर असतो. तो आडव्या काठीच्या उंचीपर्यंत न्यायला तुला साधारण ३५ सेंटिमीटरच वर उचलावा लागतो. चंद्रावर हे ३५ सहापट होतील, म्हणजे २१०. त्यात मुळातले ८५ मिळव. किती झाले?"

"२९५! म्हणजे जवळजवळ तीन मीटर." मुलाचा चेहरा थोडा उतरला.

"तीन मीटर काही थोडे नव्हेत," बाई हसून म्हणाल्या. "शिवाय चंद्रावर श्वासासाठी हवा नाही. अंगात अवजड अंतराळपोशाख घालावा लागेल, आणि त्यात गुडघेसुद्धा नीट वाकणार नाहीत. अपोलो १४ मोहिमेत, १९७१ साली, ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू टोलवले. पोशाख इतका अवघडलेला होता, की त्यांना काठी एकाच हाताने फिरवावी लागली. पुढे अनेक वर्षांनी छायाचित्रांवरून अंतर मोजले गेले. दुसरा चेंडू सुमारे ४० यार्डांवरच पडलेला होता. ओढ कमी झाली, की सारेच सहापट होते, असे समजू नये. माणसाचे बळ, त्याचा पोशाख, त्याची पद्धत यांचाही हिशेब धरावा लागतो."

"पद्धतीने फरक पडतो का?"

"पडतो तर! १९६८ सालच्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी या अमेरिकन खेळाडूने काठीकडे पाठ करून, अंगाची कमान करून उडी मारली. लोक चकित झाले. अशा कमानीत डोके, पाठ, पाय एकामागून एक काठीवरून जातात. आणि कमान चांगली जमली, तर गुरुत्वमध्य काठीच्या खालूनही जाऊ शकतो. म्हणजे तितक्याच बळात अधिक उंच काठी ओलांडता येते. फॉसबरीने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले. आज जगातले मोठे खेळाडू त्याच पद्धतीने उडी मारतात. मात्र पाठीवर पडायचे, म्हणून खाली जाड गादी हवी. वाळूच्या खड्ड्यात ही उडी मुळीच करून पाहू नये."

आता खो-खो संघाच्या नायकाची पाळी आली. तो म्हणाला, "बाई, वेगाने पळत येऊन मी खांबाला हात घालतो आणि गर्रकन वळतो. हात निसटला, तर सरळ पुढे फेकला जातो. असे का होते?"

"कारण धावणारी वस्तू आपण होऊन कधीच वळत नाही. ती सरळ रेषेत जाऊ पाहते. वळायचे असेल, तर कोणीतरी तिला आतल्या बाजूला ओढावे लागते. खांब तुला आत ओढतो म्हणून तू वळतोस. दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरी हेच काम करते. चारशे मीटर धावणारे वळणावर आतल्या बाजूला झुकतात, तेही यासाठीच. तेथे आत ढकलण्याचे काम पायांखालची जमीन करते."

"मग चंद्र पृथ्वीभोवती वळतो, त्याला कोण ओढते? तेथे ना खांब, ना दोरी."

"शाबास! न्यूटनला पडला तो हाच प्रश्न. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण हाच चंद्राचा खांब. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही याच न दिसणाऱ्या खांबाला धरून फिरते. ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे आणि सुमारे दीड तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी करते."

"पण खांबाची ओढ असेल, तर ते स्थानक खाली का पडत नाही?"

बाईंनी एक चेंडू घेतला आणि समोर आडवा फेकला. तो काही अंतरावर जाऊन पडला. दुसऱ्या वेळी अधिक जोराने फेकला. तो अधिक दूर पडला. मग त्या म्हणाल्या, "कोणतीही वस्तू सोडली, की पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल आहे. दर आठ किलोमीटरला तिचा पृष्ठभाग सुमारे पाच मीटर खाली वळतो. आता असा चेंडू मनात आणा, जो एका सेकंदात आठ किलोमीटर जातो. तो पाच मीटर पडेल. पण तेवढ्यात जमीनही पाच मीटर खाली गेलेली असेल. तो पडतच राहील आणि जमिनीला कधीच लागणार नाही. मात्र जमिनीलगत हवा त्याला लगेच अडवील. म्हणून त्याला इतके उंच न्यावे लागते, की तेथे हवा अगदी विरळ असेल. स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक आहे. ते पडत नाही असे नव्हे. ते सतत पडतच असते!"

मुले क्षणभर स्तब्ध झाली. मग खो-खोचा नायक हळूच म्हणाला, "म्हणूनच तेथील माणसे तरंगताना दिसतात का? मला वाटे, तेथे गुरुत्वाकर्षणच नाही."

"बहुतेकांना तसेच वाटते. पण त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक पडते, माणसेही पडतात, त्यांच्या हातातील चमचाही पडतो. सारे एकत्र पडत असल्याने कोणी कोणावर दाब देत नाही. म्हणून वजन जाणवत नाही. यासाठी अवकाशात जायलाच हवे असेही नाही. पाण्याची बाटली आणि एक टोचणी आणा."

प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीच्या तळाजवळ भोक पाडले. तीत पाणी भरून टोपण उघडेच ठेवले. भोकातून पाण्याची बारीक धार लागली. उंच उडी मारणारा मुलगा बाटली घेऊन वरच्या पायरीवर चढला. "सोड!" असे बाई म्हणताच त्याने बाटली सोडली. ती खाली पडत होती, तोवर धार थांबलेली सर्वांनी पाहिली.

"पाहिलेत? बाटली आणि पाणी बरोबरच पडत होते, म्हणून पाणी बाटलीवर दाब देईना आणि भोकातून बाहेर येईना. लांब उडी मारणारा खेळाडू पाय जमिनीवरून सुटल्यापासून वाळूत टेकेपर्यंत असाच असतो. तेवढा अर्धा-पाऊण सेकंद तोही अंतराळवीरच!"

हे ऐकून लांब उडी मारणारी मुले फारच खूश झाली. त्यांतील एकाने विचारले, "मग अवकाशात धावता येईल का? पाय टेकायलाच वजन नाही."

"बांधून घेतले तर येते. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी अवकाश स्थानकातच बॉस्टनची मॅरेथॉन धावून पुरी केली. खाली बॉस्टन शहरात हजारो लोक रस्त्यावर धावत होते, आणि त्या वर ट्रेडमिलवर, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर, धावत होत्या. पट्ट्यापासून वर तरंगू नये म्हणून त्यांनी खांद्यांना आणि कमरेला पट्टे बांधून घेतले होते. ४२ किलोमीटरहून थोडे अधिक असे ते अंतर त्यांनी सुमारे ४ तास २४ मिनिटांत पुरे केले. तेवढ्या वेळात स्थानकाने पृथ्वीला जवळजवळ तीन प्रदक्षिणा घातल्या."

"पण तेथे एवढे कष्ट करायचे कशाला?"

"वजन पेलावे लागले नाही, तर स्नायू दुबळे होतात आणि हाडेही झिजू लागतात. म्हणून स्थानकात राहणारे अंतराळवीर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हा सॅल्यूत ७ या स्थानकात त्यांनी योगासने करून पाहिली होती. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात गेले. त्यांनी तेथे केलेल्या प्रयोगांपैकी एक प्रयोग स्नायूंविषयीच होता. तुम्ही मैदानावर रोज जी जमीन तुडवता, तिच्या ओढीनेच तुमची हाडे बळकट राहतात, हे विसरू नका."

अंधारू लागले होते. पूर्वेला चंद्र वर येत होता. लहान मुलगा त्याच्याकडे पाहत म्हणाला, "आपण चंद्रावर शर्यत लावली तर किती मजा येईल! सर पिस्तूल उडवतील आणि आपण सारे सुटू."

"चंद्रावर सरांनी पिस्तूल उडवले, तरी तुम्हांला ते ऐकू येणार नाही," बाई म्हणाल्या. "आवाज म्हणजे हवेची थरथर. ती हवेतून पुढे पुढे सरकत कानापर्यंत येते. हवाच नसेल, तर आवाज यायचा कसा? तेथे दिवा लावून इशारा द्यावा लागेल. प्रकाशाला हवा लागत नाही. तो सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत यायला सव्वा सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि सूर्यावरून निघालेल्या प्रकाशाला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद."

इतका वेळ मुकाट बसलेल्या मुलीने मान वर केली.

"बाई, प्रकाशालासुद्धा वेळ लागतो, तर मग आवाजालाही लागत असेल?"

"पुष्कळच लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. पाहायचे आहे?"

सरांनी फीत धरून १७० मीटर अंतर मोजले. खो-खोचा नायक थाळी आणि लाकडी दांडा घेऊन मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. त्याने हात उंच करून थाळीवर दांडा हाणला. दांडा थाळीवर आदळलेला आधी दिसला. ठणठणाट मात्र मागाहून, चांगला जाणवण्याइतक्या उशिराने आला.

"हा अर्धा सेकंद," बाई म्हणाल्या. "तेवढे अंतर कापायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भागही लागत नाही. म्हणूनच शर्यतीचे वेळाधिकारी पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, तर धूर पाहून स्टॉपवॉच सुरू करतात."

मुलगी उठून उभी राहिली. तिचा आवाज किंचित कापत होता. "बाई, चारशे मीटरच्या शर्यतीत मी सहाव्या लेनमध्ये होते. बाहेरच्या लेनचे वळण मोठे, म्हणून बाहेरच्या मुलींना पुढे उभे करतात. पिस्तूल उडवणारे पंच पहिल्या लेनजवळ, आतल्या बाजूला उभे होते. पहिली आलेली मुलगी पहिल्या लेनमध्ये होती."

कोणी काही बोलले नाही. सरांनीच फीत उचलली. पंच उभे होते, ती जागा त्यांना नेमकी आठवत होती. तेथून सहाव्या लेनच्या आरंभरेषेपर्यंत त्यांनी सरळ अंतर मोजले. ते ३४ मीटर भरले.

मुलीने मातीवर काडीने भागाकार मांडला : चौतीस भागिले तीनशे चाळीस. उत्तर आले, एक दशांश सेकंद. पहिल्या लेनमधील मुलगी पंचांपासून दोन-तीन मीटरांवरच होती; तिला आवाज जवळजवळ तत्काळ पोहोचला होता.

"एक दशांश सेकंद म्हणजे किती?" लहान मुलाने विचारले. "डोळ्याची पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागत असेल!"

"धावपटूला तो थोडा नव्हे," बाई म्हणाल्या. "चारशे मीटर चौसष्ट सेकंदांत धावणारी मुलगी एक दशांश सेकंदात साठ सेंटिमीटरहून अधिक पुढे जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर असा नियम आहे, की पिस्तुलानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जो हलला, तो इशारा ऐकून हललाच नाही असे मानायचे. कारण आवाज ऐकून पाय हलवायला माणसाला तेवढा वेळ लागतोच. आणि पिस्तुलाचा आवाज सर्वांना एकाच वेळी ऐकू यावा, म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे ध्वनिक्षेपक ठेवलेले असतात."

सर क्षणभर खाली पाहत राहिले. मग ते मुलीजवळ आले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले, "तुझे लक्ष नव्हते, असे मी सर्वांदेखत म्हणालो होतो. ते माझे चुकले. उशीर तुझा नव्हता, आवाजाचा होता. हेही मी सर्वांदेखतच सांगतो."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. गोळाफेक करणारा मुलगा तर ओरडलाच, "म्हणजे खरी पहिली हीच! निकाल बदलून घ्यायला हवा!"

पण मुलगी मातीवरच्या आकड्यांकडे पाहत होती. तिने पुन्हा काडी उचलली आणि भागाकाराखाली दोन संख्या लिहिल्या : ६४.२ आणि ६४.५. पहिली संख्या विजेत्या मुलीची वेळ होती, दुसरी तिची स्वतःची.

"फरक तीन दशांशाचा आहे," ती सावकाश म्हणाली. "त्यांतला एक दशांश आवाजाचा. उरलेले दोन माझे आहेत. तो एक वजा केला, तरी मी दुसरीच येते."

कोणी न विचारता तिने हे सांगितले, याचे बाईंना फार समाधान वाटले. त्या म्हणाल्या, "आज येथे पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळाली, पण सर्वांत चांगले उत्तर हे. आपल्या बाजूचे कारण सापडले, की माणसाला तेथेच थांबावेसे वाटते. विज्ञान मात्र विचारते, त्या कारणाने नेमके किती घडले? जे आपल्या हातचे नव्हते, त्याचा दोष आपण घेऊ नये. आणि जे आपल्या हातचे होते, ते त्याच्या आड लपवू नये. दोन्ही गोष्टी मोजल्यावाचून कळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्पर्धांच्या नियमांचे पुस्तक काढले. ध्वनिक्षेपक नसतील आणि धावपटू पुढेमागे उभे असतील, तर पिस्तूल उडवणाऱ्याने सर्वांपासून शक्यतो सारख्या अंतरावर उभे राहावे, अशी सूचना त्यात होतीच. आजवर तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सोमवारी सायंकाळी मुलांनी सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या घेतल्या. एकीचे टोक पहिल्या लेनच्या आरंभरेषेवर धरले, दुसरीचे सहाव्या लेनच्या. दोन्ही दोऱ्या ताणून आतल्या मैदानात जेथे त्यांची मोकळी टोके जुळली, तेथे सरांनी चुन्याने एक ठळक फुली काढली. तेथून उडवलेल्या पिस्तुलाचा आवाज पहिल्या आणि सहाव्या लेनला एकाच वेळी पोहोचणार होता, आणि मधल्या लेनच्या मुलींनाही फारसा फरक पडणार नव्हता. शाळेत पुढे होणाऱ्या सर्व शर्यतींसाठी तीच जागा ठरली.

फुली काढून सर वळले, तेव्हा ती मुलगी समोर उभी होती.

"सर, कपाटाची किल्ली हवी होती," ती म्हणाली. "खिळ्यांचे बूट घ्यायचे आहेत. दोन दशांश कमी करायचे आहेत."

सरांनी हसून किल्ली तिच्या हातावर ठेवली.

स्वाध्याय

१. मुलीने खिळ्यांचे बूट कपाटात परत का ठेवले होते?
२. गोळा आणि क्रिकेटचा चेंडू एकाच वेळी जमिनीवर का पडले? जडत्व हा शब्द वापरून उत्तर लिहा.
३. अवकाश स्थानक 'सतत पडतच असते', असे बाई का म्हणाल्या?
४. वेळाधिकारी पिस्तुलाच्या आवाजाऐवजी धुराकडे का पाहतात?
५. 'उरलेले दोन माझे आहेत' या वाक्यातून मुलीचा कोणता गुण दिसतो? तुमच्या शब्दांत पाच-सहा वाक्ये लिहा.
६. वीज चमकलेली दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सहा सेकंद गेले. वीज किती मीटर अंतरावर चमकली असेल?
७. खेळताना तुम्हांला पडलेला एक प्रश्न वहीत लिहा. त्याचे उत्तर मैदानावर कसे शोधता येईल, ते वर्गात सांगा.